अर्ध्या दाढीचा निरोप

आमचे घरमालक बाजारात शिरले की तिथला गलका कमी व्हायचा. ते भाजीवालीसमोर वाकत आणि घशाच्या अगदी तळातून विचारत, "वांगे कसे लावले, बाई?" ती बाईही मग आपसूक पुढे झुकून तेवढ्याच हळू भाव सांगे. मागचं गिऱ्हाईक कान टवकारून उभं राही. चार वांग्यांचा सौदा, पण लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे काहीतरी चोरीचा माल हातोहात जातोय.

त्यांच्या घशाला काही झालेलं नव्हतं. उभी हयात त्यांनी झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती, एवढाच काय तो आजार. दिवाळी होऊन धान घरात आलं की त्या भागात गावोगाव नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. नट आज नागभीडला, उद्या वडशाला. रोज नवं गाव आणि पुष्कळदा नवं नाटक. पाठांतराला सवड कोणाला? सगळा खेळ पडद्याआड बसलेल्या माणसाच्या भरवशावर चालतो. तो कुजबुजतो, नट गर्जतो आणि टाळ्या नटाला पडतात. अशी वर्षानुवर्षं कुजबुजून घरमालकांचा मोठा आवाज कुठे गहाळ झाला तो त्यांनाही सापडेना. गाव त्यांना 'पराम्टर भाऊ' म्हणायचं. मी नुसतं भाऊ म्हणायचो.

मी गणिताचा मास्तर. नागभीड ते सिंदेवाही रस्त्यावरच्या एका गावात शाळेत लागलो आणि अकोल्याहून वळकटी घेऊन भाऊंच्या पुढच्या खोलीत येऊन पडलो. मागच्या दोन खोल्यांत भाऊ आणि त्यांची बायको. मधलं दार पावसात फुगून बसलेलं, ते कधी पुरतं लागत नसे. त्या फटीने माझं आयुष्य बरंच घडवलं.

कारण समोरचा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबला की भाऊंच्याने राहवत नसे. त्याचं पुढचं वाक्य ते सांगून टाकत. हे ते मुद्दाम करत नसत. शिंक यावी तसं ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडे. गावात कोणी वारलं, भेटायला आलेला माणूस अंगणात येऊन अवघडून उभा राहिला, की बाजूने हळूच यायचं, "लय चांगला मानूस होता." तो माणूस लगेच मोठ्याने म्हणायचा, "लय चांगला मानूस होता." मग सगळ्यांना हायसं वाटायचं. एका लग्नात नवरदेव उखाण्यात अडकला, तर भाऊंनी त्याला बायकोचं नाव सांगितलं. ते तो विसरला नव्हता, लाजला होता. पण ऐकणाऱ्यांचा जो समज व्हायचा तो झालाच.

माझे भावी सासरे मला पाहायला आले तेव्हाची गोष्ट तर माझ्या बायकोने अजून सोडलेली नाही. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "दारू वगैरे घेता का?" माझ्या तोंडात नेमका चटका देणारा चहाचा घोट होता. मी थांबलो. तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला, "नाई. खर्राबी नाई." खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, त्यांनी विचारलाही नव्हता. सासरे दचकले. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी घोट गिळून म्हणालो, "नाही. खर्राही नाही." लग्न झालं, पण माझ्या निर्व्यसनीपणाबद्दल त्या घरात थोडी शंका राहिली ती राहिलीच.

भाऊंच्या नाटकातल्या आठवणींत एक त्यांना विशेष प्रिय होती. एका नाटकात म्हातारा बाप मरताना लांबलचक बोलतो. त्या दिवशी संहितेची दोन पानं खर्ऱ्याच्या थुंकीने एकमेकांना चिकटली होती. भाऊंनी एकदम शेवटचा उसासा सांगितला, नटाने उसासा टाकला आणि तो मेला. मुलाने हंबरडा फोडायला त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इतक्यात चिकटलेलं पान सुटलं. मधलं अख्खं भाषण राहिलेलं भाऊंना दिसलं. त्यांनी ते सांगायला सुरुवात केली, आणि प्रॉम्प्टरवर श्रद्धा असलेला तो गरीब नट मांडीवरून उठून बसला, सगळं बोलला आणि पुन्हा मेला. लोकांनी वन्स मोअर दिला.

"शास्त्रात मेलेले उठवल्याचं हाय," भाऊ गंभीरपणे म्हणायचे. "म्याबी एक उठवला हाय."

हे शास्त्र म्हणजे त्यांचं पवित्र शास्त्र. भाऊंचं घर ख्रिस्ती होतं. गावात अशी सहा-सात घरं. टिनाच्या छपराखाली त्यांचं मंदिर, आणि रविवारी चंद्रपूरकडून मोटरसायकलवर एक तरुण पाळकसाहेब यायचे. ते उपदेशात दम घ्यायला थांबले की मागच्या सतरंजीवरून पुढचं वाक्य येई. पाळकसाहेबांनी पुढेपुढे दम घेणंच सोडून दिलं.

नाटकं सुटल्यावर भाऊ शास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले आणि संदेष्ट्यांपाशी येऊन अडकले. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा माणूस. देव एखाद्याला बोलावतो, तयार करतो आणि उभा करतो. हे वाचून भाऊ एका दुपारी माझ्या खोलीत आले. मी वह्या तपासत होतो.

"मास्तर, एक गोष्ट ध्यानात आली का तुमच्या? देव मागून सांगते आन् संदेष्टा पुढं बोलते. हे तर नाटकच झालं."

"झालं खरं."

"उभी जिनगानी म्या मागून सांगतलं. लोकायले वाटलं, नटच बोलून राह्यला. मले आता एक डाव पुढं उभं राहाचं हाय. एकच डाव. त्यानं मागून सांगावं, म्या बोलावं, आन् ते खरं ठरावं. मंग मेलो तरी चालते."

हे त्यांनी इतकं हळू आणि इतकं मनापासून सांगितलं की मला थट्टा सुचली नाही. आतून मात्र बाईंचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा, आवाज आला. बाईंचा आवाज दणदणीत होता. एका घरात दोघांच्या वाटणीचा आवाज त्यांच्याकडेच गेलेला.

"तुमचं बोलनं दूधवाल्याले ऐकू जात नाई. जगाले काय जाईन?"

"एका संदेष्ट्याची जीभ जड होती," भाऊ दाराकडे तोंड करून म्हणाले. "त्यालेच बोलावलं देवानं."

"त्याच्या वतीनं बोलाले त्याचा सख्खा भाऊ होता. तुमाले कोन हाय?"

भाऊंनी दाराकडे पाठ फिरवली. ते तयारीला लागले.

त्यांनी शास्त्रातून असं काढलं होतं की देव माणसाला आधी रानात नेतो, भुकेला ठेवतो आणि त्याच्याकडून शेळ्यामेंढ्या राखवून घेतो. रान तर घरामागेच होतं. उपास त्यांनी एका सोमवारी धरला. बाईंनी नेमके त्याच दिवशी लाखोरीच्या डाळीचे वडे केले. त्या म्हणतात सहज केले. उपास वड्यांचा पहिला घाणा निघेपर्यंत टिकला.

मग त्यांनी दोन शेळ्या आणल्या. त्या शेळ्यांना घेऊन ते बांधावर जाऊन बसत आणि कान उजव्या बाजूला कलता ठेवत. नट पडद्याकडे कान देतो तसा. देव येईल तर विंगेतूनच, अशी त्यांची ठाम समजूत होती. शेळ्यांना मात्र बोलावणं वेगळीकडून येई. त्या कधी कोणाच्या तुरीत, कधी शाळेच्या बागेत. एका रविवारी उपदेश चालू असताना एक शेळी पाळकसाहेबांच्या मोटरसायकलवर चढली आणि तिने सीटचं कव्हर खाल्लं. पाळकसाहेबांनी फाटक्या सीटवर बसता बसता मला विचारलं, "मास्तर, यांना कोणी समजावून का सांगत नाही?" मी म्हटलं, "साहेब, ते ऐकण्याचीच तयारी करतायत."

तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग नकाराचा होता. "देवानं बोलावलं का एकदम हो नाई म्हनाचं," भाऊ मला समजावत. "सगळे पयले नाईच म्हनले. एक म्हने जीभ जड हाय. एक म्हने मी लहान हाय. एक तर जहाजात बसून उलट्या गावाले पळाला. जो नाई म्हनते तोच खरा. पाहुन्याले जेव म्हटल्यावर तो बसते का लगेच पाटावर? दोन डाव नाई म्हनते, मंग बसते."

"तुमी कवा म्हनले नाई?" आतून बाई. "कंपनीवाला अंगनात याच्या आंधी तुमी चपला घालून उभे राहात."

पण भाऊंनी नकार बसवला होता. "प्रभू, मी म्हातारा, माहा आवाज गेला, मले सोड, दुसऱ्याले पाठव." हे ते शेळ्यांसमोर हात जोडून, मान हलवून, मधे एक उसासा घेऊन म्हणत. नाटकात राहिल्याचा थोडा गुण येणारच. मला ते फार आवडायचे. आपल्याला बोलावणं येणार आहे असं धरून जगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आम्ही बाकीचे बदलीच्या ऑर्डरची वाट पाहणारे.

अशात मोहाचा हंगाम आला. मार्च सरत आला की मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं, हरणं आणि अस्वलं कोणाची वाट पाहत नाहीत. म्हणून बाया फटफटायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात आणि ज्याच्या त्याच्या झाडाखाली जातात. त्या वर्षी जंगलात वाघ होता. म्हणजे वाघ तिथे नेहमीच असतो, पण हा गावाकडे सरकला होता. शेजारच्या गावात त्याने एक गाय मारली. वनखात्याची गाडी भोंगा लावून रोज सांगत फिरे की जंगलात जाऊ नका. रोज सांगत असल्यामुळे ते कोणाला ऐकू येईनासं झालं होतं. आणि वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. तरी बाया जातच होत्या. चार महिन्यांचं तेलमीठ त्या झाडाखाली पडलेलं असतं, ते कसं सोडणार?

त्या संध्याकाळी मी बसस्टँडजवळच्या सलूनमध्ये बाकड्यावर बसलो होतो. खुर्चीत भाऊ. न्हाव्याने त्यांच्या दोन्ही गालांना साबण फासला, डावा गाल करून घेतला आणि वस्तरा पुसायला हात बाजूला केला. भाऊंनी एकदम हात वर केला. पाहता पाहता त्यांचा कान उजवीकडे कलला. उजवीकडे भिंत होती आणि भिंतीवर आरसा. आरशातले भाऊ डोळे विस्फारून कोणाचं तरी ऐकत होते.

मग ते उठले. गळ्यात टॉवेल, उजव्या गालावर साबण.

"भाऊ, थांबा ना जी, अर्धी राह्यली," न्हावी म्हणाला.

भाऊ निघाले होते. मी मागोमाग गेलो.

पहिलं घर पार्बताबाईचं. ती मोहाला जाणाऱ्या बायांची म्होरकी, भाऊंपेक्षा वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. ती चुलीपाशी होती. भाऊ दारातून आत वाकले आणि म्हणाले, "उद्या जंगलात जाऊ नोका."

"काऊन गा?"

"मले सांगतलं."

"कोनं?"

भाऊंनी नुसतं वर पाहिलं आणि पुढच्या घराकडे वळले.

अशी त्यांनी सगळी आळी केली, मग दुसरी केली. प्रत्येक दारात वाकायचं, बाई पुढे झुकायची, तिच्या कानाशी तेवढं एक वाक्य. भोंगा सगळ्या गावासाठी ओरडायचा, म्हणून तो कोणाचाच नव्हता. हे वाक्य जिला सांगितलं तिचंच होतं. तिने ते शेजारणीलाही सांगितलं, आणि अर्थात तेवढ्याच हळू. दिवेलागणीला सगळं गाव कुजबुजत होतं. शिवाय साबण. तो वाळून भाऊंच्या गालाला चिकटला होता. अर्धी दाढी टाकून माणूस उगाच उठत नाही, यावर गावाचं एकमत झालं.

घरी आल्यावर भाऊ खाटेवर बसले. न्हाव्याचा टॉवेल अजून गळ्यातच होता.

"आवाज कसा होता, भाऊ?" मी विचारलं.

"माह्यासारखाच. हळू." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, एक गडबड झाली. नाई म्हनाचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे एकही बाई जंगलात गेली नाही. गाव विचित्र दिसत होतं. ऊन वर आलं तरी बाया घरात, त्यामुळे पुरुषांना कुठे बसावं ते कळेना. भाऊ अंगणात जंगलाकडे तोंड करून बसले होते. डरकाळी येईल, निदान कोणीतरी धावत येऊन पंजे दिसल्याचं सांगेल, अशी त्यांना आशा होती. पण पंजे पाहायला कोणीतरी जायला हवं होतं, आणि गेलेलं तर कोणी नव्हतं. दुपार झाली. काही झालं नाही. संध्याकाळी गावची गुरं मोहफुलं खाऊन मोठ्या समाधानाने परत आली. पार्बताबाईची गाय तर जरा डुलत होती.

पार्बताबाई तशीच तिला ओढत आमच्या अंगणात घेऊन आली.

"माही फुलं हिच्या पोटात हायत. आता काय हिलेच वाळत घालू अंगनात?"

भाऊंनी गाईकडे पाहिलं, पण पार्बताबाई थांबली नाही.

"आमच्या इथी अंगात येते ना, तर सांगतलेलं खरं होते. तुह्या देवाले वाघ तरी ओळखता येते का गा?"

मग दोन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. पोरं एका गालाला राख फासून घरोघरी वाकायची आणि कुजबुजायची. पानठेल्यावर 'अर्धदाढी महाराज' हे नाव ठरलं. न्हाव्याने तेवढी माणुसकी दाखवली. राहिलेला गाल घरी येऊन करून देतो असा त्याने निरोप पाठवला. भाऊंनी नको म्हणून सांगितलं. बाया पुन्हा मोहाला जाऊ लागल्या होत्या. वाघ कोणालाच दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत येऊन बसले. एका गालावर खुंट पांढरे आणि लांब, दुसऱ्यावर आखूड.

"शास्त्रात साफ लिवलं हाय, मास्तर. सांगतलेलं घडलं नाई तर तो खोटा. मी खोटा ठरलो."

मी गणिताच्या वाटेने गेलो. म्हटलं, "भाऊ, बाया गेल्या असत्या आणि काही झालं नसतं, तर तुम्ही खोटे. त्या गेल्याच नाहीत. म्हणजे हे सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आजवर माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांबद्दल मला वाईट वाटलं.

"एकच डाव मांगतला होता," ते म्हणाले. "तोबी पडला. शेळ्या इकून टाकतो."

दार ढकलून बाई बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. मला वाटलं, आता त्याही झोडणार.

"मी काय पुसून राह्यली ते सांगा," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "नाटक चांगलं झालं का, कोनी म्हनते का, पराम्टरनं राखलं म्हनून?"

"नाई."

"नट अडकला का कोनाचं नाव घेतेत?"

"माहं."

"मंग जिनगानीभर तुमचं काम काय होतं? काई होऊ नाई देनं. होतं का नाई?"

"होतं."

"आन् त्या दिवशी काय झालं जंगलात?"

भाऊ थांबले. इथे पुढचं वाक्य सांगायला कोणी नव्हतं. मला येत होतं, पण मी तोंड घट्ट मिटून बसलो. ते त्यांनीच म्हणायचं होतं.

"काई नाई झालं," ते म्हणाले.

"मंग?" म्हणून बाई पीठ मळायला निघून गेल्या.

 भाऊंना पटलं असं मी म्हणणार नाही. पण शेळ्या विकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमाराला अंगणात पावलं वाजली. मी खिडकी उघडली. पार्बताबाई आणि तिच्या मागे दहा-बारा बाया, कमरेवर रिकाम्या टोपल्या. भाऊ अंगणात दात घासत होते. परत शिव्या खायच्या आहेत असं समजून ते ताठ उभे राहिले.

पार्बताबाई म्हणाली, "का गा, आज जाऊ का?"

भाऊंनी घाईघाईने चूळ भरली.

"तूनं आमाले भेव लावलं. काल गेली मी. झाडाखाली वाकली का तुहा सबनाचा गाल आठवते. मागं कोनी हाय का पाहाले सारखी उठून राह्यली. टोपली अर्धीबी भरली नाई." मग तिचा आवाज उतरला. "भोंगा तर रोज कोकलते. तो पगारी हाय. तू अर्धी दाढी टाकून आला. माह्यासाठी माहा नवरा कदी अर्धं ताट टाकून उठला नाई. खरं खोटं मले नाई समजत. पन आता तूच सांग. जाऊ का नोको?"

सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. भाऊंनी इतके दिवस जे मागितलं होतं ते अंगणात येऊन उभं होतं. पुढे उभं राहायचं होतं, लोक ऐकायला तयार होते आणि खेळ खरा होता, यातल्या एखादीचा जीव जाऊ शकत होता. त्यांनी कान उजवीकडे कलता केला. काही येईना. पुन्हा केला.  मी आयुष्यात नाटकं बरीच पाहिली आहेत. वाक्य विसरलेला नट ज्या नजरेने विंगेकडे पाहतो ती नजर मी ओळखतो. भाऊंनी त्या नजरेने हळूहळू मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

दाराआडून बाई म्हणाल्या, "जोडीनं जा..."

भाऊंचा चेहरा सैल झाला. "जोडीनं जा," ते म्हणाले. "एकटं कोनी जाऊ नोका."

"एकीनं येचाचं..." आतून.

"एकीनं येचाचं, दुसरीनं उभं राहून चारीकडं पाहाचं. टोपली भरली का पाळी बदलाची. फुलं कमी येतीन. येऊ द्या."

"आन् बोलत..."

"आन् बोलत राहाचं. चूप बसू नोका."

"ते आमाले सांगा लागत नाई," पार्बताबाई म्हणाली. तिने तिथेच बायांच्या जोड्या पाडल्या. एक बाई उरली, तिला तिने स्वतःबरोबर घेतलं. मग त्या बोलत बोलत जंगलाकडे गेल्या. बोलणं किती तरी वेळ ऐकू येत होतं, आणि ते ऐकू येतंय तोवर भाऊ जागचे हलले नाहीत.

तो हंगाम बायांनी तसाच जोडीने काढला, आणि पुढचेही. फुलं कमी आली. बाया सगळ्या परत आल्या. यात वाघाचा काय भाग, देवाचा काय आणि बाईंचा काय, हे गणित मला सुटलेलं नाही, आणि मी ते आता सोडवायला जातही नाही.

बोलणं ऐकू येईनासं झालं तेव्हा भाऊ वळले आणि दाराशी गेले. ते खुशीत असतील असं मला वाटलं होतं. पण ते चांगलेच नाराज दिसत होते.

"असं नसते सांगाचं," ते दाराच्या फटीतून कुजबुजले. "मागच्या रांगेलेबी ऐकू गेलं."

"तुमाले ऐकू आलं ना?" आतून बाई म्हणाल्या. "मंग झालं. जा आता, दाढी पुरी करून या."